खिशातलं पिस्तूल: आधी खोली, मग फुलणं

आधी हिशेब मांडू. नऊ मिलिमीटर ल्युगर या काडतुसाची १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ११५० फुटांच्या वेगाने सुटली, तर तिच्यात साधारण ३६४ फूट-पाउंड ऊर्जा असते. .३८० एसीपी या छोट्या काडतुसाची ९० ग्रेनची गोळी पावणेतीन इंची नळीतून ८८०च्या आसपास वेगाने बाहेर पडली, तर ऊर्जा भरते १५५. .३२ एसीपीची ७१ ग्रेनची गोळी, खोक्यावर छापलेला ९०० फुटांचा वेग खरा धरला तरी, १२८च्या पुढे जात नाही. स्वसंरक्षणासाठी खिशात मावणारं पिस्तूल घेतलं की पुढची सगळी निवड या तुटपुंज्या शिलकीतून करायची असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुकानातल्या मांडणीवर मात्र वेगळंच चित्र दिसतं. प्रत्येक खोक्यावर कमळासारखी उमललेली गोळी, खाली भारदस्त नाव, आणि आत फक्त २० किंवा २५ काडतुसं. ती गोळी कोणत्या नळीतून, कशावर झाडून फुलवली, हे त्या चित्रात नसतं. बऱ्याच कंपन्या वेगाचे आकडे पावणेचार-चार इंची चाचणी-नळीतून घेतात. खिशातल्या पिस्तुलाची नळी त्याहून इंचभर आखूड असते आणि वेग तिथेच शंभरेक फुटांनी घसरू शकतो. ९० ग्रेनची गोळी १००० फुटांनी गेली तर ऊर्जा २००, ८८० फुटांनी गेली तर १५५. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा नळीच्या आखूडपणानेच खाल्ला.

आता या ऊर्जेतून काय विकत घ्यायचं? पोकळ टोकाची गोळी, म्हणजे हॉलो पॉइंट, मऊ माध्यमात शिरली की तिच्या पोकळीत द्रव दाबाने भरतो आणि तोंड बाहेर उलटतं. ९ मिलिमीटरची गोळी १३ मिलिमीटरपर्यंत फुलली, तर समोरचं क्षेत्रफळ दुपटीहून थोडं अधिक होतं. रुंदी वाढते, पण अडवणारा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो आणि गोळी लवकर थांबते. नऊ मिलिमीटरकडे दोन्ही गोष्टींना पुरेल एवढी ऊर्जा असते. .३८०कडे ती जेमतेम आहे आणि .३२कडे नाहीच. म्हणून छोट्या पिस्तुलाच्या बाबतीत क्रम ठरवावा लागतो. माझ्या मते तो असा: पहिलं, काडतूस आपल्या पिस्तुलात अडखळता कामा नये. दुसरं, गोळी पुरेशी खोल जायला हवी. फुलणं तिसरं, आणि तेही परवडलं तर.

खोलीचा हा आग्रह कुठून आला, तेही सांगायला हवं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या पथकाची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. त्यात एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली नऊ मिलिमीटरची फुलणारी गोळी दंडातून पार होऊन छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. एफबीआयने पुढे जी चाचणी बसवली तिचा गाभा या एका गोळीत आहे. समोरचा माणूस छाती काढून उभा नसतो. हात आडवा येतो, शरीर तिरकं असतं. म्हणून चाचणीत मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के जिलेटिनमध्ये किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच खोली, हा निकष ठरला.

जिलेटिनची ही लादी ४ अंश सेल्सियसला ठेवतात आणि झाडण्याआधी तपासतात: साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला साधारण ५९० फुटांनी मारला की तो साडेआठ सेंटिमीटर, एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे, एवढाच आत जायला हवा. ही तपासणी न केलेल्या लादीवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. हल्ली व्हिडिओंमध्ये दिसणारी काचेसारखी पारदर्शक लादी कृत्रिम असते. ती खोलीच्या तापमानाला टिकते, वितळवून पुन्हा वापरता येते, दिसायलाही छान. पण तिच्यात गोळी खऱ्या जिलेटिनसारखी वागतेच असं नाही. दोन काडतुसांची ढोबळ तुलना करायला ती ठीक. तिच्यावर आलेले इंच एफबीआयच्या इंचांशेजारी मांडू नयेत.

छोट्या कॅलिबरसाठी या चाचणीतला सगळ्यात बोलका भाग कापडाचा आहे. लादीपुढे सुती बनियन, सुती शर्ट, फ्लीस आणि डेनिम असे थर लावतात. गोळी कापड कापत जाते, त्याचा बोळा पोकळीत बसतो, द्रवाला आत शिरायला जागाच उरत नाही आणि गोळी न फुलता सरळ पुढे निघून जाते. वेगवान गोळी हा बोळा दाबून टाकू शकते. मंद गोळीला ते जमत नाही. त्यामुळे .३८०च्या हॉलो पॉइंटचे दोन टोकांचे निकाल दिसतात. उघड्या जिलेटिनमध्ये ती झटकन फुलते आणि आठ-नऊ इंचांवर थांबते. कापडामागे ती फुलत नाही आणि १८ इंचांच्या पलीकडे जाते. एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांचे असे दोन निकाल येऊ शकतात. सरासरी काढली तर आकडा मात्र साडेतेरा इंच, अगदी निकषात! म्हणून चाचणीचे तक्ते वाचताना सरासरी सोडून द्यावी आणि प्रत्येक गोळी कुठे थांबली ते बघावं. पाचही गोळ्या १२ ते १६ इंचांत असतील, तर त्या काडतुसाकडे पुन्हा वळून पाहावं, भले त्या जराशाच फुललेल्या असोत.

या कसोटीवर .३८०मध्ये काही नावं जाणकारांच्या बोलण्यात वारंवार येतात. हॉर्नडीची ९० ग्रेनची एक्सटीपी गोळी मुद्दामच सावकाश आणि कमी फुलते, त्यामुळे तिला खोली मिळते. दिसायला ती साधी, पण आखूड नळीसाठी तिचा हाच स्वभाव कामाचा. त्याच कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्सच्या पोकळीत लाल पॉलिमरची गुडदी असते. कापड आत शिरत नाही, फुलणं बरंच भरवशाचं होतं, पण खोली काठावर येते. फेडरलने .३८०साठी ९९ ग्रेनच्या दोन गोळ्या आणल्या, एचएसटी मायक्रो आणि हायड्रा-शॉक डीप. दुसरीच्या नावातच तिचा हेतू आहे. स्पीअरची ९० ग्रेनची गोल्ड डॉट तिच्या मोठ्या भावंडांइतकी कौतुकाची नाही. या वेगाला ती कधी फुलते, कधी नाही. लीहाय कंपनीची न फुलणारी, टोकाला खाचा पाडलेली सबंध तांब्याची गोळी हा वेगळाच मार्ग आहे. कापडाने बंद व्हायला तिच्यात पोकळीच नाही, त्यामुळे निकाल एकसारखे येतात. तिच्या जाहिरातीतले दावे थोडे बाजूला ठेवले, तरी हा एकसारखेपणा कमी महत्त्वाचा नाही.

आणि साधी एफएमजे, पूर्ण तांबे-आवरणाची? .३८०मध्ये ती गरजेपेक्षा खोल जाते आणि पार निघून मागे कुणाला लागण्याचा धोका उरतो. हा आक्षेप खरा आहे. पण चुकलेली गोळी मागच्याला याहून जास्त धोकादायक असते, हेही तितकंच खरं. गोल टोकापेक्षा ९५ ग्रेनची सपाट टोकाची एफएमजे बरी. तुमच्या पिस्तुलात हॉलो पॉइंट अडकत असेल, तर अडकणाऱ्या महागड्या काडतुसापेक्षा चालणारी सपाट टोकाची एफएमजे भरावी. यात कमीपणा नाही.

.३२ एसीपीकडे उतरलं की वाद जवळपास संपतो. १८९९ पासूनचं हे काडतूस. त्यातली ६० ग्रेनची फुलणारी गोळी फुलली, तर बहुधा दहा इंचही गाठत नाही. इथे एफएमजे हेच शहाणपण, आणि त्याला दुसरंही कारण आहे. .३२ची पुंगळी (गोळी आणि दारू धरून ठेवणारं काडतुसाचं आवरण) अर्धवट कडेची असते, म्हणजे तळाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली. पूर्ण लांबीचं काडतूस कमाल ०.९८४ इंच, पंचवीस मिलिमीटर भरतं. हॉलो पॉइंट त्याहून आखूड. मॅगझिन एफएमजेच्या लांबीचं असलं, की आखूड काडतुसांना पुढेमागे सरकायला जागा मिळते. धक्क्यासरशी वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे जाऊन बसते आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. इंग्रजीत याला रिमलॉक म्हणतात. मॅगझिनवर थाप मारून किंवा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, ओढून हे सुटत नाही. मॅगझिन काढून, खालचं काडतूस आत दाबून वरचं मोकळं करावं लागतं, आणि गरजेच्या वेळी तेवढा वेळ मिळत नाही. केल-टेक पी-३२च्या मॅगझिनमध्ये मागच्या भिंतीला तारेचा अडसर बसवून लोकांनी यावर उपाय काढला आहे. त्यापेक्षा पूर्ण लांबीची एफएमजे भरली, तर प्रश्न मुळातच उद्भवत नाही. एकाच मॅगझिनमध्ये एक आखूड, एक लांब असा मेळ तर कधीच घालू नये.

.२५ एसीपीला तोच न्याय: एफएमजे आणि पुढे चला. .२२ लाँग रायफलची अडचण वेगळी. तिचं प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारं रसायन, पुंगळीच्या कडेत फिरवून भरलेलं असतं, त्यामुळे न पेटण्याचं प्रमाण मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसापेक्षा जास्त. फेडरलने २०२१ मध्ये खास संरक्षणासाठी २९ ग्रेनचं .२२ काढलं, तेव्हा त्यांनीही फुलणं सोडून दिलं आणि निकेल चढवलेली, सपाट टोकाची, खोल जाणारी गोळी केली. जाहिरात काहीही म्हणो, कारखान्याचा हिशेबही आपल्यासारखाच निघाला.

काडतूस विकत घेण्याआधी आपल्या पिस्तुलाची पुस्तिका वाचावी. हे सांगायला संकोच वाटतो, पण बरेच जण ती वाचत नाहीत. सीकॅम्पचं चिमुकलं .३२ पिस्तूल विंचेस्टरच्या सिल्व्हरटिप या हॉलो पॉइंटच्या लांबीवर बेतलेलं आहे. त्याच्या मॅगझिनला पूर्ण लांबीची एफएमजे चालत नाही आणि कंपनी चालणाऱ्या काडतुसांची यादीच देते. म्हणजे वरचा सगळा उपदेश इथे उलटा होतो. बेरेटाने आपल्या .३२ टॉमकॅटसाठी १३० फूट-पाउंडांच्या आसपासची मर्यादा घालून दिली, कारण जोरदार काडतुसांनी चौकटीला तडे जाऊ शकतात. युरोपात बनणारी काही .३२ काडतुसं ती मर्यादा सहज ओलांडतात.

.३८०च्या काही खोक्यांवर ‘+पी’, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं, असं छापलेलं असतं. काडतुसांची मापं आणि दाब ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या सामी या संस्थेने .३८०साठी कमाल दाब चौरस इंचाला २१,५०० पाउंड ठरवला आहे आणि या कॅलिबरला ‘+पी’ असा दर्जा दिलेलाच नाही. नऊ मिलिमीटरला दिला आहे, .३८ स्पेशलला दिला आहे. म्हणजे .३८०वरच्या त्या खुणेचा अर्थ बनवणारा ठरवेल तो. रुगर एलसीपीसारख्या पावणेतीनशे ग्रॅमच्या पिस्तुलात अशा काडतुसाने आणखी एक गडबड होते. हलकी स्लाइड इतक्या वेगाने मागे जाऊन परत येते, की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर उचलायला वेळच मिळत नाही. स्लाइड रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बंद होते आणि पुढच्या वेळी चाप ओढला की नुसता ‘टक’ आवाज येतो.

आता चाचणी. नव्या पिस्तुलाला आधी १५०-२०० साधी एफएमजे काडतुसं चारावीत, म्हणजे स्लाइडच्या खाचा आणि स्प्रिंगा बसतात. मग निवडलेल्या काडतुसाचे दोन खोके, साधारण ५० नग. ते खर्चिक आहे, मान्य. पण पाच झाडून ‘चालतंय’ म्हणणं ही चाचणी नव्हे. जेवढी मॅगझिन्स रोज वापरणार, तेवढ्या सगळ्यांमधून झाडावं, कारण बिघाड बहुतेक वेळा पिस्तुलात नसून मॅगझिनच्या ओठांत किंवा स्प्रिंगमध्ये असतो. मॅगझिन काठोकाठ भरून आणि चेंबरमध्ये एक जास्तीचं ठेवून सुरुवात करावी: भरलेल्या मॅगझिनमधून पहिलं काडतूस ओढताना घर्षण सर्वात जास्त असतं आणि स्लाइड तिथेच दमते. शेवटच्या काडतुसाकडेही लक्ष हवं, कारण तेव्हा स्प्रिंग सगळ्यात सैल झालेली असते. काही मॅगझिन्स एका हाताने झाडावीत, त्यातली निम्मी डाव्या. मनगट ढिलं राहिलं की चौकटच मागे सरकते, स्लाइडला रेटायला आधार उरत नाही आणि ती पुरती मागे जात नाही.

अडखळणं झालं तर पुन्हा चाप ओढण्याआधी ते नीट बघावं. नवं काडतूस नाक खाली करून मॅगझिनपासून चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर रुतलं असेल, तर हॉलो पॉइंटचं रुंद तोंड अडतंय किंवा मॅगझिनची स्प्रिंग दुबळी आहे. रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकली असेल, तर स्लाइडला पुरेसा जोर मिळाला नाही; दोष ढिल्या मनगटाचा किंवा अशक्त काडतुसाचा. स्लाइड शेवटचे दोन मिलिमीटर बंद होत नसेल, तर चेंबर मळलेलं आहे किंवा काडतूसच जाडजूड आहे. यासाठी सोपी तपासणी म्हणजे पिस्तूल रिकामं करून, खोलून नळी हातात घ्यावी आणि काडतूस चेंबरमध्ये सोडावं. ते स्वतःच्या वजनाने आत जायला हवं आणि नळी उलटी केली की तसंच बाहेर पडायला हवं. रोज सोबत ठेवायचं प्रत्येक काडतूस या परीक्षेतून काढावं. त्याच वेळी प्रायमर तळाशी सपाट बसलाय का, पुंगळीच्या तोंडाला फुगवटा किंवा चीर नाही ना, हेही नजरेखालून जातं.

सात यार्डांवर पाच गोळ्या शांतपणे झाडून नेम कुठे बसतो तेही पाहावं. एवढ्या छोट्या पिस्तुलांची नेमकाठी बहुधा हलवता येत नाही. जड गोळी साधारण वर लागते, हलकी खाली. सरावाची आणि सोबतची काडतुसं एकाच जागी लागत असतील, तर सरावाचं चीज होतं.

सोबतचं काडतूस हळूहळू बिघडतं, ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये घातलं, तर प्रत्येक वेळी गोळीचं नाक उतारावर आपटतं आणि गोळी पुंगळीत थोडी थोडी आत सरकते. आतली जागा घटते आणि दाब वाढतो. .३८०सारख्या छोट्या पुंगळीत मुळात जागाच कमी, म्हणून जरासा फरकही महागात पडतो. नव्या काडतुसाची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवावी. चेंबरमध्ये जाऊन आलेल्या काडतुसाच्या तळाला मार्करने रेघ ओढावी आणि दोन-तीन रेघा झाल्या की ते सोबतच्या संचातून काढावं. लांबी पाव मिलिमीटरने घटलेली दिसली तर ते झाडूच नये. नेमबाजीच्या रेंजवर निकामी काडतुसांसाठी पेटी असते, तिथे टाकावं. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच भरावं. चेंबरमध्ये हाताने टाकून वरून स्लाइड आपटली, तर पुंगळी ओढणाऱ्या आकड्यावर ताण येतो.

खिशात घाम असतो, कापसाचे तंतू असतात. निकेलचा मुलामा असलेली पुंगळी पितळेपेक्षा घामाला जास्त टिकते आणि अंधुक उजेडात चेंबरमध्ये चमकल्याने काडतूस आहे की नाही ते चटकन दिसतं. मॅगझिनमध्ये तेल ओतू नये. पातळ, झिरपणारं तेल प्रायमरच्या कडेने आत जाऊ शकतं, आणि तंतूंना चिकटून त्याची पेस्ट होते ती वेगळीच. वर्षातून एकदा सोबतची सगळी काडतुसं रेंजवर झाडून नवी घ्यावीत.

कायद्याचं एक. न्यू जर्सीत आपली मराठी वस्ती बरीच आहे, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्याचा निकाल दिल्यावर तिथे पिस्तूल सोबत बाळगण्याचा परवाना मिळणं शक्य झालं आहे. पण त्या राज्यात पोकळ टोकाची काडतुसं घरी, स्वतःच्या जागेत आणि रेंजवर नेता-आणताना चालतात. रस्त्यावर सोबत बाळगायला कलम २सी:३९-३ आड येतं. पोकळी पॉलिमरने भरलेल्या गोळ्यांना राज्य पोलिसांनी त्यात धरलेलं नाही, म्हणून तिथे क्रिटिकल डिफेन्सचा खप आहे. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात हे बंधन नाही. शनिवारी नदीपलीकडून येताना मॅगझिनमध्ये काय आहे ते आठवलेलं बरं.

भारतातल्या परवानाधारकापुढे ही सगळी चैन नाही. नऊ मिलिमीटर पॅराबेलम, म्हणजे वर आलेलं ल्युगरच, ‘निषिद्ध बोअर’मध्ये येतं, म्हणून सामान्य परवान्यावर .३२चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हेच नेहमीचं. फुलणाऱ्या गोळीचं एक बदनाम नाव कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारातून जगभर गेलं आणि १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. आपल्याकडच्या दुकानात मात्र परवान्यावर मिळते ती बहुधा गोल टोकाची एफएमजेच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, आणि छोट्या शस्त्रांची काडतुसं हे त्याचं जुनं काम. वरच्या हिशेबाने पाहिलं, तर .३२साठी ही गोळी वाईट नाही. खोली मिळते, आणि लांबी पूर्ण असल्याने कडा अडकण्याची भीतीही कमी. फक्त पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची .३२ काडतुसं वेगळी असतात, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत, हे खरेदी करताना स्पष्ट सांगावं. परवान्यावर मोजकीच काडतुसं मिळतात म्हणून वर्षानुवर्षं तीच कपाटात राहतात. ती चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नयेत. चामडं कमावण्याच्या रसायनांनी पितळेवर हिरवा थर चढतो. मूळ खोक्यात, कोरड्या डब्यात, कुलपाआड ठेवावीत. दर पावसाळ्यानंतर डबा उघडून हिरवी पडलेली आणि चेपलेली वेगळी काढावीत, आणि दरवर्षीच्या कोट्यातली निदान दहा तरी रेंजवर आपल्याच पिस्तुलातून झाडून बघावीत.